घरी केलेल्या व्हेज पॅटिसला पदर का सुटत नाहीत?

ओव्हनमध्ये केलेल्या व्हेज पॅटिसला बेकरीसारखे पदर सुटत नाहीत, तळ ओला राहतो, अंडे न लावता रंग कसा आणावा, आणि लोण्याऐवजी वनस्पती तूप किंवा विकतची तयार पट्टी (पफ पेस्ट्री शीट) वापरावी का, असे आपण विचारले आहे. यातला वनस्पती तुपाचा प्रश्न आमच्या घरात १२ वर्षे पेटलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माझी आई माळकरी आहे आणि आमच्या घरात अंडे येत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराजवळच्या एका बेकरीतून मी तिच्यासाठी कित्येक वर्षे दर शनिवारी पॅटिस आणत असे. एकदा नेहमीपेक्षा लवकर गेलो, तर कारागीर भरलेल्या ट्रेवर ब्रशने पिवळे काहीतरी फासत होता आणि शेजारच्या पाटीत अंड्यांची टरफले पडली होती. "व्हेजला पण हेच लावता?" असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, "वरनंच की काका, आत बटाटाच हाय." पाकीटबंद मालात अंडे असेल तर मांसाहाराची खूण छापावी लागते, काचेच्या कपाटातल्या सुट्या पॅटिसला पाकीटच नसते, तेव्हा विचारणे आपल्याकडेच येते. आईला मी हे आजतागायत सांगितलेले नाही. मात्र त्या दिवसापासून पॅटिस आणणे बंद केले, आणि ती दर शनिवारी मागू लागली, म्हणून ते घरी करण्याची वेळ आली.

पहिला प्रयोग मी मे महिन्यात, दुपारी तीन वाजता केला, आणि तोही इचलकरंजीहून थोरले साडू सहकुटुंब आलेले असताना. लोण्याचा थर मैद्याच्या पोळीत गुंडाळला, पहिली घडी नीट बसली. दुसऱ्या घडीला कडेने पिवळा थेंब डोकावला, मग लाटण्याला लोणी चिकटू लागले, आणि मी त्यावर कोरडा मैदा भुरभुरवत हट्टाने लाटत राहिलो. भाजीही गरमच भरली. ओव्हनमध्ये दहा मिनिटांत कढवलेल्या तुपाचा वास सुटला आणि आत डोकावलो तेव्हा ट्रेमध्ये बोटभर तूप साचून पॅटिस त्यात तळली जात होती. वरून तांबूस, आतून गच्च आणि तळाला ओली, म्हणजे आपण लिहिले आहे अगदी तशीच ती झाली. साडूंनी एक तुकडा मोडला, मोडता मोडेना, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुणं, पॅटिस म्हणून बोलावलं आणि शंकरपाळी घातली व्हय?" पुढे त्यांनी सुनावले की पॅटिस हा डालड्याचाच माल आहे, बेकरीवाले काय खुळे आहेत का! त्यानंतर आमच्या नात्यातले एकही लग्न ही गोष्ट सांगितल्याशिवाय पार पडलेले नाही.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे, की दोष लोण्याचा नव्हता, दुपारी तीनचा होता. मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षे ओतकाम पाहिले. तिथे साच्याच्या वाळूत जास्त ओल राहिली की तप्त धातू पडताच वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळी राहते. जन्मभर आम्ही त्या पोकळीला शिव्या घातल्या. पॅटिसमध्ये नेमकी तीच पोकळी हवी असते. पिठातले पाणी आणि लोण्यातले पाणी (विकतच्या लोण्यात ते १६ टक्क्यांपर्यंत असते) यांची वाफ होऊन पीठ वर उचलले जाते, आणि मध्ये स्निग्धाचा अखंड थर असेल तरच पदर एकमेकांना न चिकटता सुटे राहतात. लोणी वितळून पिठात मुरले की तो थरच उरत नाही, नुसते मोहन घातल्यासारखे होते, आणि मोहन घातलेल्या मैद्याची शंकरपाळीच होणार. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांपर्यंत पूर्ण वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. मेमधल्या दुपारी आपल्याकडे हवाच तेवढी तापलेली असते.

म्हणून जानेवारीत पहाटे पाच वाजता पुन्हा बसलो. कडप्प्याचा ओटा रात्रभर गार पडलेला होता. दगड पिठातली ऊब ओढून घेतो, त्यामुळे लाटायला पोळपाटापेक्षा तोच बरा. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस आणि साधारण १२५ मिलिलीटर गार पाणी यांचे पीठ भिजवून ते अर्धा तास झाकून ठेवले. लिंबाने पीठ सैलावते आणि लाटताना मागे ओढत नाही. १७५ ग्रॅम लोणी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून त्याची चौकोनी वडी केली. ती वाकली पाहिजे, पण तुटता कामा नये, आणि बोट दाबले तर ठसा उमटावा. त्याहून कडक असेल तर ती पिठात तुकडे होऊन फिरते, त्याहून मऊ असेल तर कडेने बाहेर येते. वडी पिठाच्या पोळीत गुंडाळून लाटली, घडी तीन पदरी घातली, प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली, आणि अशा चार घड्या केल्या. तीन घड्यांत लोण्याचे २७ थर होतात, चौथीला ८१. बेकरीचे जाणकार सहापर्यंत जातात, पण घरच्या लाटण्याने ७२९ थर शाबूत राहतील असे मला वाटत नाही.

सारण पूर्ण गार आणि कोरडे हवे. मी उकडलेला बटाटा, वाटाणा, चांगला परतलेला कांदा आणि आपली कांदा-लसूण चटणी घालतो. ट्रे ओव्हनमध्ये आधीच तापवून ठेवला तर तळ ओला राहत नाही. २१० अंशांवर १५ मिनिटे आणि मग १८० वर आणखी १२ ते १५ मिनिटे. पहिली १५ मिनिटे दार उघडू नका.

अंड्याऐवजी दुधात घोटलेली साय लावा, एकदा भाजण्याआधी आणि एकदा निम्म्या वेळेनंतर, तेही चटकन. कापलेल्या कडांना लावू नका, नाहीतर कडा चिकटून पदर उघडत नाहीत. अंड्याची चकाकी येणार नाही. तांबूस रंग येतो आणि तो पुरे आहे.

साडू त्या दिवशी एका बारशासाठी कोल्हापुरात होते. त्यांनी तीन पॅटिस खाल्ली, अंगावरचे पापुद्रे झटकले आणि विचारले, "कुठल्या बेकरीतनं आणलंसा?" मी घरचीच आहेत असे सांगितल्यावर ते लोण्याबद्दल चकार शब्द न बोलता चहा मागू लागले. आईला दात नाहीत. तिने चार तासांच्या कष्टाचे ते पदर खारीसारखे चहात बुडवले आणि दुसरे मागितले.

आता वनस्पती तुपाबद्दल. ते उशिरा वितळते, त्यामुळे हाताळायला सोपे असते, हे साडूंचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. मे महिन्यातच करायची असतील आणि घरात थंड खोली नसेल तर तेच वापरा, किंवा सरळ ऑगस्टपर्यंत थांबा. पूर्वी मी त्यातल्या ट्रान्स फॅटवरून, म्हणजे हृदयाला घातक असलेल्या स्निग्धावरून, त्यांच्याशी भांडत असे, पण जानेवारी २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तेव्हा तो मुद्दा मी सोडून दिला. चवीचा मुद्दा सोडलेला नाही. पॅटिससाठी मिळणारे कडक वनस्पती तूप तोंडातल्या ३७ अंशांतही पुरते विरघळत नाही आणि टाळूवर मेणासारखा थर राहतो. हा थर साडूंना जाणवत नाही, कारण पॅटिसच्या आधी त्यांचे विड्याचे पान झालेले असते.

विकतच्या तयार पट्टीत बहुधा मार्गरिनच (वनस्पती तेलापासून केलेले लोण्यासारखे स्निग्ध) असते, पाकीट वाचून घ्या. एवढे सगळे बाहेरून आणायचे तर मग बेकरी काय वाईट आहे? फक्त वरून काय लावतात ते विचारा. आणि आपला ओव्हन साधा मायक्रोवेव्ह असेल, कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय नसेल, तर वर लिहिलेले काहीच उपयोगी पडणार नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते.