वर्ल्ड बँकेचं कर्ज आणि आमची झेडपीची शाळा

प्रश्न : ताई नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातला, पोरगी गावच्या झेडपी शाळेत तिसरीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मागे मीटिंगमध्ये शाळांचं शिक्षण सुधारायच्या 'स्टार्स' प्रकल्पाचं नाव निघालं, वर्ल्ड बँकेचा पैसा आहे म्हणे. त्यावरून पारावर इतका वाद झाला की विचारू नका, एकजण म्हणतो फुकटचे आहेत घ्या ना, दुसरा म्हणतो देश गहाण पडला. खरं काय? आणि असल्या पैशानं पोरं शिकतात का हो?

उत्तर : भाऊ, फुकटचे नाहीत आणि गहाणही काही पडलेलं नाही. वर्ल्ड बँकेनं २०२० मध्ये ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, सहा राज्यांसाठी, त्यात आपला महाराष्ट्र. मुदत साडेचौदा वर्षं, त्यातली पहिली ५ सवलतीची, म्हणजे तेव्हा मुद्दल फेडायचं नाही. फेडणार केंद्र सरकार, तुमच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही, पारावर तेवढं सांगून टाका. आणि ठरलेली कामं झालेली दिसली की मगच पैसे सुटतात, अशी त्याची रचना ठेवलेली.

तसं तुमच्या भागाला हे नवीन नाही. १९९४ ला डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तोही वर्ल्ड बँकेच्या कर्जावर, जिथं बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी असे जिल्हे निवडले, आणि आपल्याकडचे पहिले पाचही मराठवाड्यातले निघाले : औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. हिंगोली तेव्हा परभणीतच होतं. ते कर्ज फार स्वस्त होतं, ३५ वर्षांची मुदत, व्याज नाही, नुसता पाऊण टक्का सर्व्हिस चार्ज. मला त्यातली एक अट फार आवडायची, बांधकामावर किती टक्के खर्चायचे त्याला मर्यादा होती, नाहीतर आपल्याकडे शिक्षण म्हटलं की आधी खोल्या आणि त्यानंतर खोल्याच.

मी तेव्हा शिकवायचे. शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे, आज हसाल पण तेव्हा ते आमच्या हातात येणारे पहिले पैसे होते ज्यावर वरून कोणी यादी पाठवत नव्हतं. एका बाईंच्या शाळेत थर्माकोलचं घड्याळ पाहिलं, सुंदर, काटे फिरणारे, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलेलं, का तर पोरं मोडतील आणि साहेब आले तर दाखवायचं काय? दुसऱ्या एका बाईंनी चिंचोके गोळा केले, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, आणि पैसे पाट्यांना वापरले. तिच्या वर्गात हातच्याची बेरीज पोरं बोलत-बोलत करायची. दोघींनी पावत्या सारख्याच लावल्या होत्या, कागदावर दोन्ही शाळा एकदम ओके.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. पैशानं वस्तू येते, ती कपाटावर जाते का पोरांच्या हातात ते शाळेत ठरतं. त्यामुळे पुढच्या मीटिंगला ट्रेनिंग किती झाली, निधी किती खर्ची पडला हे विचारत बसू नका, त्याची उत्तरं तयार असतात. तिसरीतल्या किती पोरांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो ते विचारा. 'असर' नावाच्या शिक्षण पाहणीवाले २००५ पासून गावोगाव जवळपास हेच तपासतात, तुम्ही घरी पाच मिनिटांत करू शकता, आधी स्वतःच्या पोरीपासून. आणि सरांना जाब विचारल्यासारखं नको, सोबत बसून बघू म्हणा. त्यांच्यामागे आधीच बीएलओची, म्हणजे मतदार यादीची कामं आणि माहिती भरायच्या लिंका कमी नसतात.

प्रश्न : (त्याच पत्रात) उद्या बाहेरचा पैसा बंद झाला तर शाळा बंद पडेल का?

उत्तर : नाही हो. शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो, परदेशी पैसा खर्चाचा लहान तुकडा असतो. पण त्या तुकड्यावरच चाललेलं काम मात्र अडकतं. राजस्थानात १९९२ पासून 'लोक जुंबिश' नावाचं प्राथमिक शिक्षणाचं काम चालायचं, स्वीडनच्या मदतीवर. गावातले लोक स्वतः घराघराचा नकाशा काढून कुठली मुलगी शाळेत जात नाही ते त्यावर दाखवायचे, इतकं बारीक काम. १९९८ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि स्वीडननं हात आखडता घेतला. मग ब्रिटनकडून पैसे आले पण मध्ये गाडी अडकली ती अडकलीच. तुमच्या समितीनं असा काही नकाशा काढला असेल तर तो वहीत ठेवा, त्याला कुणाचा निधी लागत नाही.