७२ आणि १०८ चा मसावि (दोन्हींना नि:शेष भागणारी सर्वांत मोठी संख्या) मूळ अवयवांनी काढला तर माझा ६ येतो, पुस्तकात ३६ आहे. कुठे चुकतंय?

अवयव तुम्ही बरोबर पाडलेत, गडबड त्याच्या पुढे झालीये. दोन्हीकडे २ आहे आणि ३ आहे म्हणून २ × ३ = ६, असं तुम्ही केलंत. पण नुसता आहे एवढं बघून भागत नाही, किती वेळा आहे ते बघायचं.

मी घरी सहावी-सातवीच्या मुलांचं गणित घेते आणि ही चूक जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी करतंच, म्हणून मी त्यांना सरळ जोड्या लावायला सांगते. वहीत एकाखाली एक लिहा:

७२ = २ × २ × २ × ३ × ३
१०८ = २ × २ × ३ × ३ × ३

आता पेन्सिलने वरचा एक २ आणि खालचा एक २ रेघेने जोडा, मग परत एक २ वरचा एक खालचा, आता वर तिसरा २ उरला पण खाली त्याला जोडीदारच नाही, तो सोडून द्या. ३ च्याही दोन जोड्या होतात आणि खाली एक ३ एकटा राहतो. प्रत्येक जोडीतून एकच आकडा घ्यायचा, २ × २ × ३ × ३ = ३६. काही मुलं जोडीतले दोन्ही आकडे गुणतात आणि १२९६ आणतात, पण ७२ ला नि:शेष भागणारी संख्या ७२ पेक्षा मोठी कशी असेल? एकही जोडी लागली नाही तर मसावि १.

आणि उत्तर आलं की ताळा कराच. ७२ ला ३६ ने भागलं तर २, १०८ ला भागलं तर ३, २ आणि ३ मध्ये आता सामाईक काही नाही म्हणजे बरोबर. तुमच्या ६ ने भागलं तर १२ आणि १८ येतात, दोन्ही अजून सम आहेत, म्हणजे अजून काढायचं शिल्लक आहे हे लगेच दिसतं.

फक्त ८५१ आणि ११४७ सारखे आकडे आले तर अवयव पाडत बसू नका, २३ × ३७ आणि ३१ × ३७ सापडेपर्यंत पेपरातला वेळ जातो. तिथे भागाकार पद्धत घ्या, मोठ्याला लहानाने भागायचं, मग त्या लहानाला बाकीने, असं करत बाकी २९६, २५९, ३७ आणि शेवटी ०, की शेवटचा भाजक ३७ हाच मसावि.