चित्रकला अजिबात येत नाही, तरी मातीच्या छोट्या मूर्ती घडवायला शिकता येईल का? दोनदा करून बघितल्या, वाळल्यावर तडकल्या.

येईल की. माझी चित्रकला बघितलीत तर हसाल, शाळेत दोन डोंगर आणि मधी सूर्य याच्यापुढं गाडी गेली नाही कधी, तरी गेली सहा वर्षं ऑफिस सुटलं की तासभर माती घेऊन बसतो. तुमच्या प्रश्नात चित्रकलेपेक्षा ते तडकण्याचं वाक्य जास्त कामाचं आहे, सुरुवातीला सगळे तिथंच हात टेकतात आणि मग म्हणतात आपल्यात कलाच नाही.

मी डिचोलीकडचा, आमच्याकडं कुंभारकाम जुनं, त्यामुळं चिकण माती मिळायची अडचण नाही. तुम्ही गोव्यात असाल तर चवथीच्या दोनेक महिने आधी जवळच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतात तिथं, जाऊन नुसतं बसा. भिंतीला लोकांनी आणून दिलेले पाट रचून ठेवलेले असतात, ज्याच्या त्याच्या नावाचे, आणि एक म्हातारे काका माती मळत असतात. त्यांच्याकडून मळलेला गोळाच मागून घ्या. मला तर काकांनी पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले आधी आठवडाभर नुसती मळ. मला वाटलं टाळतायत, पण तेच बरोबर होतं, माती किती ओली आहे ते बोटांना कळायला तेवढे दिवस लागतातच.

आता तडे. माती वाळताना पाणी जातं आणि ती आकसते, साधारण ५ ते ८ टक्के धरा. हात बारीक, पोट जाड, म्हणजे हात आधी वाळणार, आकसणार आणि खांद्याशी ओढ बसून तिथंच फाटणार. मी पहिल्यांदा उभा माणूस केला, पाय मोडू नयेत म्हणून आत जाड तार घातली, लई हुशारी केली असं वाटलं. माती आकसली, तार कशाला आकसतेय, दोन्ही घोट्यांना गोल चिरा! तार घालायचीच हौस असेल तर न वाळणारं प्लॅस्टिसिन घ्या, चिकण मातीत नको. जोडताना नुसतं दाबून चिकटवू नका, दोन्ही बाजूंना काट्याचमच्यानं ओरखडे काढा, मातीची पातळ खीर लावा, मग जरा फिरवत दाबा, आणि दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत, कालचं अंग आणि आजचा हात हे लग्न टिकत नाही. मग वर ओलसर फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पंखा बंद, आणि रोज थोडी थोडी पिशवी उघडायची. पावसात आमच्याकडं आठ-दहा दिवस सहज जातात, जाऊ देत. वाळली का ते बघायला गालाला लावा, गार लागली तर आत अजून पाणी आहे.

आणि पहिली मूर्ती उभी करूच नका. मी म्हणतो नुस्तेंकान्न करा, म्हणजे मासळी विकणारी बाई. उकिडवी बसलेली, लुगडं गुडघ्यांवर ताणलेलं, पुढं माशांची टोपली, म्हणजे पाय करायचेच नाहीत. मुठीएवढा गोळा, त्याचा डोंगर, वर लिंबाएवढं डोकं. मी दहा केल्या आणि दहाही मठ्ठ बसल्यासारख्या दिसायच्या. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तासभर उभा राहून बघितलं, तर गिऱ्हाईकाशी बोलताना बाईची मान पुढं येते, एक खांदा खाली जातो आणि कोपर गुडघ्यावर टेकतं. घरी येऊन अकराव्या बाईचं डोकं फक्त बोटभर पुढं सरकवलं आणि ती भांडायलाच लागली हो! नाक नाही, डोळे नाहीत, तरी बायको म्हणाली ही बांगडे महाग देणार. म्हणून सांगतो, चेहऱ्याला पहिले दोन महिने हात लावू नका. नवखा माणूस आधी डोळे कोरतो, मग ते मोडू नयेत म्हणून डोक्याचा आकार बदलायला घाबरतो.

मूर्ती ज्यावर घडवताय तो पाट सारखा फिरवत राहा. माझ्या पहिल्या बायकांना पाठच नव्हती, मागून नुसती भिंत, कारण मी समोरूनच बघत बसायचो.

हत्यारांवर पैसे घालवू नका. मी ऑनलाइन मोठा सेट मागवला, त्यातली दोनच वापरतो, बाकी काम आइस्क्रीमची काडी आणि जुना टूथब्रश करतात.

भाजायची घाई पण नको. मी एक भरीव मूर्ती ओळखीच्या कुंभाराच्या भट्टीत ठेवायला दिली, ती फुटली आणि शेजारच्या त्यांच्या दोन पणत्या घेऊन गेली, तोंड लपवायला जागा नाही. लोक हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण आत राहिलेल्या पाण्याची १०० डिग्रीला वाफ होते, ती फोडते. म्हणून खालून चमच्यानं पोकळ करा, भिंत बोटाएवढी ठेवा, बुडाला भोक ठेवा आणि पूर्ण सुकू द्या.

न भाजलेली बिघडली तर फेकू नका. पण अर्धवट ओली बादलीत टाकलीत तर दिवसभर तशीच गोळा होऊन बसते, आधी खडखडीत वाळवा, हातोडीनं फोडा, मग पाण्यात टाका, बघता बघता विरघळते. माझ्या त्या पहिल्या दहाही जणी अशाच बादलीत गेल्या, अकरावी तेवढी टीव्हीशेजारी आहे.