संगणकाच्या पहिल्या वर्षाला गणितातील सिद्धता शिकवावी का?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी बीसीएच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. वर्गात वाणिज्य शाखेतून आलेली मुले बरीच आहेत आणि ‘आम्ही प्रोग्रामिंग शिकायला आलो, मग सिद्धता कशाला?’ असे ती विचारतात. सिद्धता वगळून नुसती उदाहरणे सोडवून घ्यावीत का?

उत्तर : सिद्धता वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र तिची सुरुवात मुलांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामपासून करावी. प्रवेशासाठी ‘वय १८ पूर्ण आणि शुल्क भरलेले’ अशी अट असेल, तर अर्ज नाकारण्याची अट त्यांना लिहायला सांगा. अनेक जण ‘वय अपूर्ण आणि शुल्क न भरलेले’ असे लिहितील आणि त्यामुळे शुल्क न भरलेल्या १९ वर्षांच्या मुलाचा अर्ज बिनदिक्कत स्वीकारला जाईल. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ का हवे, हे मुलांनी सत्यता सारणी (प्रत्येक अट खरी-खोटी असताना काय होते याचा तक्ता) मांडून स्वतः पडताळले, की ‘आणि’ने जोडलेल्या अटी नाकारताना ‘किंवा’ येते हे सांगणारा डी मॉर्गनचा नियम पाठ करावा लागत नाही. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईला झाला, हेही मुलांना जरूर सांगावे.)

इंडक्शनसाठी, म्हणजे एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करण्याच्या पद्धतीसाठी, १पासून पुढच्या संख्यांची बेरीज करणारा लूप (तीच कृती फेरीफेरीने करणारा प्रोग्रामचा भाग) घ्यावा. पाच फेऱ्यांनंतर बेरीज १५ होते, सहाव्या फेरीत ६ मिळवल्यावर २१ होते. बेरजेचे n(n+1)/2 हे सूत्र पहिल्या फेरीअखेर खरे आहे आणि एका फेरीअखेर ते खरे असेल, तर पुढच्या फेरीअखेरही खरे राहते, हे दाखवणे म्हणजेच सिद्धता. प्रोग्राम दहा वेळा चालवून बरोबर उत्तर आले, म्हणून अकराव्या वेळी येईलच, अशी खात्री देता येत नाही. मुलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला येथे दिसते आणि त्यावर एक पूर्ण तास खर्च झाला तरी हरकत नाही.

लॉगॅरिदम शिकवताना वर्णानुक्रमे लावलेली हजार नावांची यादी घ्यावी. दर वेळी मधले नाव पाहून नको असलेला अर्धा भाग सोडला, तर फार तर १० तुलनांत नाव सापडते. दहा लाख नावांनाही २० पुरतात. यादी किती वेळा अर्धी करावी लागते, ती संख्या म्हणजेच २ या पायाचा लॉगॅरिदम. हे आकडे मुलांनी यंत्र चालवण्यापूर्वी वहीत काढावेत. बीजगणिताचा सराव सुटलेल्यांची घातांकांची उजळणी येथेच करून घ्यावी, कारण ती कशासाठी लागते हे त्या क्षणी त्यांच्यासमोरच असते.