वाचकांचे प्रश्न : पॅडलबोर्ड आणि कनू पाण्यात कुठून घालावी?

प्रश्न : आम्ही चौघे जण फेब्रुवारीत दोन दिवसांसाठी मालवण तालुक्यात येणार आहोत. आमच्याकडे हवा भरायचे दोन पॅडलबोर्ड आणि दोघांना बसता येईल अशी एक उघडी कनू आहे. सर्वांना पोहता येते आणि धरणाच्या जलाशयात सरावही झाला आहे. समुद्रावर मात्र ही पहिलीच खेप. तारकर्लीच्या पुळणीवरून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने देवबागच्या संगमापर्यंत जावे आणि दुपारी परत यावे, असा बेत आहे. ही जागा योग्य आहे का? आणि एरवी अशी जागा पारखताना काय पाहावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या बेतात मी एकच, पण मोठा बदल सुचवेन. पहिल्या खेपेला समुद्राच्या बाजूने उतरू नका, कर्ली खाडीच्या बाजूने उतरा.

तारकर्ली आणि देवबाग ही माडांची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि दक्षिण टोकाला या दोन्हींचा संगम. फेब्रुवारीत सकाळी पुळणीवर उभे राहिले, की समुद्र अगदी निवांत दिसतो, कारण त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो आणि काठालगतचे पाणी माडांच्या आडोशाला असते. हा आडोसा संपला, की तोच वारा बोर्डावर उभ्या असलेल्या माणसाला खोल पाण्याकडे लोटू लागतो, आणि काठ बराच लांब गेल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. दुपारकडे वारा फिरतो. वायव्येकडून येणारा खारा वारा तुम्हाला दक्षिणेकडे, म्हणजे नेमका संगमाकडे ढकलेल आणि परतीचा सगळा रस्ता त्याच्या तोंडावर कापावा लागेल. त्यातच ओहोटी सुरू असेल, तर खाडीतून वेगाने बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडते, उथळ वाळूच्या दांड्यांवर लाटा फुटतात आणि उघडी कनू पाहता पाहता पाण्याने भरते. म्हणजे तुमच्या बेतातला सर्वांत अवघड भाग तुम्ही सर्वांत दमलेले असताना वाट्याला येणार आहे.

म्हणूनच जागा पारखताना परतीची वेळ आधी ठरवावी आणि त्या वेळी वारा कुठून असेल, पाणी कुणीकडे वाहत असेल, याचा विचार करून मगच उतरण्याचे ठिकाण निवडावे. गाडी कुठवर जाते, हा प्रश्न त्यानंतरचा.

खाडीत हे गणित तुमच्या बाजूने मांडता येते. पट्टीच्या उत्तरेकडच्या भागात, संगमापासून बरेच आत, खाडीकाठी उतरावे. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत पाण्याबरोबर वरच्या अंगाला, नेरूरपारच्या दिशेने जावे आणि ओहोटीच्या पहिल्या तासात परत यावे. भरती-ओहोटीचे पाणी सारख्या वेगाने हलत नाही. साधारण सहा तासांच्या फेरीत पहिल्या तासाला एकूण चढ-उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि शेवटी पुन्हा एक हिस्सा पाणी हलते, असा ठोकळ हिशेब आहे. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी जाते. त्या वेळी तुम्ही काठावर असावे.

दिवस ठरवण्यासाठी आपल्याकडचा जुना आडाखा अजूनही उपयोगी पडतो : तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वादशीला सुमारे नऊ वाजता भरती पूर्ण होते. मुंबईला हा आडाखा बराचसा जुळतो. मालवणकडे भरती त्याहून काहीशी आधी येते. त्यामुळे द्वादशीच्या आसपास सकाळी उजाडताच निघाल्यास भरती मिळते आणि खारा वारा जोर धरण्यापूर्वी परतता येते. शिवाय अष्टमीनंतरचे भांगाचे पाणी, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराचे दिवस, नुकतेच सरलेले असतात आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर अजून चढलेला नसतो. आडाख्यावर दिवस निवडावा, वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून पक्की करावी. वारा आणि लाटांचा अंदाज हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र रोज देते. तोही आदल्या रात्री पाहावा.

आता प्रत्यक्ष काठ. जिथे उतरायचे, ती जागा आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीला पायी जाऊन पाहा. भरतीला गुळगुळीत वाटणाऱ्या धक्क्याच्या पायऱ्यांवर ओहोटीला शेवाळाचा हिरवा पट्टा दिसतो आणि त्याखाली दगडाला चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपले. त्यांच्या कडा इतक्या धारदार असतात, की अनवाणी पाय तर कापतोच, हवेच्या बोर्डाचा तळही फाटू शकतो. खारफुटीच्या कडेचा चिखल गुडघ्यापर्यंत आत घेतो. तिथून कनू बाहेर काढणे चौघांनाही जड जाईल. घट्ट वाळूची, हळूहळू खोल होत जाणारी पाच-सहा मीटर रुंदीची जागाही तुम्हाला पुरेशी आहे. उथळ वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, दबून बसलेली असते, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालावे आणि बूट घालावेत. खाडीत डोल जाळी लावण्यासाठी रोवलेले खुंट कुठे आहेत, तेही ओहोटीलाच दिसते. प्रवाहाने बोर्ड अशा खुंटाला आडवा लावला, तर बोर्डाला जोडून पायाला बांधलेली दोरी हाताने सोडवता येत नाही. वाहत्या पाण्यात ही दोरी कमरेला बांधावी आणि एका झटक्यात सुटेल अशीच घ्यावी. लाइफ जॅकेट अंगात हवे, बोर्डावर बांधून ठेवलेले उपयोगाचे नाही.

तो काठ कुणाच्या तरी रोजच्या कामाचाही असतो, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. सकाळी पुळणीवर रापण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर दोन्ही बाजूंच्या दोरांमधल्या पाण्यात शिरू नये. मासळी बिथरते आणि रापणकरांची सकाळची मेहनत वाया जाते. होड्या लागतात ती जागा मोकळी सोडावी, आणि उतरण्यापूर्वी तिथल्या कुणा मच्छीमाराला विचारावे. संगमावर वाळू यंदा कुठे साचली आहे, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. तिकडे जाण्याचा विचार असेल, तर वनखात्याकडे आधी चौकशी करावी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 चौघांच्याही फोनमध्ये असू द्या आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावर ठेवा.

प्रश्न : अलिबागला आम्ही सकाळी भरतीच्या वेळी सहज कनू घालतो, पण परतेपर्यंत पाणी इतके मागे जाते, की ती चिखलातून ओढत आणावी लागते. जागा बदलावी का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : आधी वेळ बदलून पाहा. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. सिंधुदुर्गात तो साधारण दोन मीटरच असतो. त्यातून अलिबागचा तळ इतका सपाट, की ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस निवडावेत, पूर्ण भरतीच्या दीड तास आधी निघावे आणि भरतीनंतर दीड तासाच्या आत परत यावे. तीन तासांची फेरी पुरते. रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीलाही खोल पाणी मिळते, हे खरे. परंतु तिथून मालवाहू बार्ज जातात आणि त्यांना तुमच्यासाठी वळता किंवा थांबता येत नाही, म्हणून केवळ चिखल टाळण्यासाठी ती जागा मी सुचवणार नाही. कनूखाली लावायची रुंद चाकांची हातगाडी मिळते, ती सोबत ठेवा.