ओव्हरक्लॉक केलेला (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) पीसी सगळ्या टेस्ट पास होतो, पण गेम खेळताना क्रॅश होतो. व्होल्टेज वाढवू का?

नका वाढवू. निदान आत्ता तरी नका.

तुम्ही लिहिलंय की रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवली, एकही एरर नाही. प्रोसेसरवर ताण देणारी प्राइम९५ पास. पण गेम सुरू केला की अर्ध्या-पाऊण तासात कधी थेट डेस्कटॉपवर, कधी निळी स्क्रीन, आणि दर वेळी त्या स्क्रीनवरचा एररचा कोड, म्हणजे स्टॉप कोड, वेगळा. आणि पुढे लगेच, "म्हणजे रॅम तर नक्कीच ठीक आहे." या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य मी माझ्या मावसभावाकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कुणीही लिहिलं तरी मला त्याच्याच आवाजात ऐकू येतं.

दादा म्हणजे आमच्याकडचे कॉम्प्युटरचे सर्वज्ञ. माझी मशीन त्यानेच जुळवली आणि ओव्हरक्लॉकही त्यानेच केली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बेताचंच होतं, पण रॅमवर त्याचा विशेष जीव. डीडीआर४, ३६०० चं एक्सएमपी (रॅमसोबत येणारं जास्त वेगाचं तयार सेटिंग) लावून गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्याने टीआरएफसी (एका रिफ्रेशला दिलेला वेळ) कापलं आणि टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर; रिफ्रेश म्हणजे काय ते पुढे येईलच) थेट ६५५३५ वर नेऊन ठेवलं, म्हणजे बायोस जितकं घेईल तितकं. हा आकडा कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमधून उचललेला. लेटन्सी, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ, चार-दोन नॅनोसेकंदांनी उतरली, त्याने फोटो काढला, विषय संपला.

मग गेम पडायला लागले. मेसेज बहुतेक वेळा ग्राफिक्स डिव्हाइस 'रिमूव्ह' झाल्याचा. दादा म्हणाला, ड्रायव्हर. ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकला. मग म्हणाला, गेमच बंडल आहे. दुसरा गेमही पडला, तेव्हा पॉवर सप्लाय. उसना आणून लावला, तरी तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि मी रॅमचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर: "मेमटेस्ट रात्रभर पास झालीये, तुला काय जास्त कळतं का?"

धागा सापडला तो गेममध्ये नाही, एका झिप फाइलमध्ये. गेम पडल्या पडल्या मी एक मोठी झिप उघडायला घेतली, तर मधेच सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा जुळत नाही. वाटलं डाउनलोड खराब आहे. मशीन बंद केली, जेवून आलो, सुरू करून तीच फाइल पुन्हा उघडली, तर सुतासारखी सरळ उघडली. फाइल तीच, डिस्क तीच. मधल्या वेळात फक्त कॅबिनेट निवलं होतं.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून बसलो. डीडीआर४ च्या सगळ्याच स्टिकवर तापमानाचा सेन्सर नसतो, माझ्यावर होता. नुसत्या रॅम टेस्टमध्ये ४१ अंश. गेममध्ये ५६. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर येते, प्रोसेसरचा कूलर ती ओढून घेतो आणि वाटेत रॅमच्या पट्ट्या उभ्या असतात. आणि मेमटेस्ट८६ चालते पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेलं असतं. म्हणजे रात्रभर जी परीक्षा झाली ती थंड रॅमची.

डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत राहतो, म्हणून रॅमला ठरावीक वेळाने रिफ्रेश करावंच लागतं. डीडीआर४ च्या मानकात रिफ्रेशची आज्ञा सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी जाते आणि ८५ अंशांच्या वर तो अवधी निम्मा करायचा असतो, कारण उष्णतेत गळती वाढते. दादाचे ६५५३५ म्हणजे ३६०० च्या स्पीडला सुमारे ३६ मायक्रोसेकंद! ४१ अंशांवर हे खपत होतं, ५६ वर नाही.

मी एक छोटा पंखा रॅमच्या तोंडाशी टेकवून ठेवला. क्रॅश बंद. पंखा काढला, परत सुरू. मग पंखा न लावताच टीआरईएफआय ऑटोवर टाकलं, क्रॅश कायमचे गेले. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात लागतो मला माहीत नाही. पण त्याच सुमारास एक नवा ड्रायव्हर आला होता, आणि दादा अजून भेटला की म्हणतो, "सुटलं ना शेवटी ड्रायव्हरनेच?"

आता तुमचं. सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणा, आणि सगळं म्हणजे एक्सएमपीसुद्धा. "माझं सगळं स्टॉक आहे, फक्त एक्सएमपी ऑन आहे" म्हणणाऱ्यांना हात जोडतो. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकच आहे. स्टॉकवरही क्रॅश होत असेल तर दुखणं वेगळं आहे. होत नसेल तर एकेक गोष्ट परत लावा, आणि सुरुवात रॅमपासून, कारण रॅमची चूक कुणाच्याही नावावर खपते. स्टॉप कोड दर वेळी बदलतोय हे त्याचंच लक्षण. विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट चालवा आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर लोड टाका, म्हणजे रॅमला खरी धग लागेल. "एवढी गरम रॅम कोण टेस्ट करतं" असं कुणी म्हटलं तर सांगा, जो गेम खेळतो तो करतो.

प्रोसेसरसाठी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी, बघा. १९ नंबरची नोंद म्हणजे चूक झाली पण दुरुस्त झाली, १८ म्हणजे जीवघेणी. तिथल्याच कर्नल-पॉवर ४१ या नोंदीकडे टक लावून बसू नका, ते एवढंच सांगतं की मशीन नीट बंद झाली नाही, आणि ते तुम्हीही पाहिलंयच. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) मायनसमध्ये नेलं असेल तर प्राइम९५ पास होण्याला काडीची किंमत नाही. तिथे क्रॅश हलक्या कामात येतो, एखादाच कोर सगळ्यात वरच्या क्लॉकला चढतो तेव्हा. कोअरसायक्लर एकेक कोर तपासतं, ते वापरा.

व्होल्टेजबद्दल: पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३५ चं १.४५ केलंत तर साधारण १५ टक्के जास्त उष्णता. दुखणंच उष्णतेचं असेल तर तुम्ही पैसे न देता ते विकत घेताय.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रॅम डळमळीत असताना डिस्कवर लिहिलेलं काहीही खराब असू शकतं, म्हणून बॅकअप घ्या आणि स्थिर झाल्यावर विंडोजच्या सिस्टम फाइल्स तपासून घ्या. निळी स्क्रीन न येता मशीन क्षणात काळी होऊन रीस्टार्ट होत असेल, तर मात्र संशय पॉवर सप्लायवर घेणं योग्य आहे. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे दोन्ही ८-पिन कनेक्टर एकाच केबलच्या फांद्यांवर असतील तर वेगळ्या केबल लावा. (हे वाक्य दादाला दाखवू नका.) आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला वरचा मॉडेल असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्या चिपा जास्त व्होल्टेजमुळे झिजत होत्या, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आधी त्यानंतरचं बायोस टाका. तरीही स्टॉकवर गेम पडत असतील तर चिप बदलूनच मागा, झिजलेली चिप कुठल्याही सेटिंगने परत येत नाही.