पहिल्यांदा वाळू बघायला निघालायस? मग खुरीला जा

राजस्थानात जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्या बघायला सम गाठू की खुरी, असं विचारलंस; यात फार घोळ घालू नकोस. पहिलीच खेप आहे, तर खुरीच गाठ. सम जैसलमेरपासून साधारण 40 किलोमीटर. टेकड्या तिथं मोठ्या, पण संध्याकाळी जीपांची घरघर, डीजे आणि उंटांची रांग. खुरी गाव लहान आणि शांत. पहाटे उठून चढलास की वाऱ्यानं वाळूवर काढलेल्या लाटा कोऱ्या मिळतात, भुंग्याच्या पायांची बारीक नक्षीसुद्धा दिसते. माझं मन तिथंच रमतं.

कच्छच्या पांढऱ्या रणाचं नाव घेतलंस, पण ते मीठ बाबा, वाळूच्या टेकड्या नव्हेत. लडाखातल्या हुंदरच्या वाळूच्या टेकड्या सुंदरच, दोन वशिंडांचे उंटही तिथलेच, पण उंची 3,000 मीटरवर. आईला घेऊन जाणार असशील तर ते पुढं कधीतरी.

बेळगाववरून जोधपूरची गाडी जाते, तिथून पुढं जैसलमेर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धर. आणि आपल्याकडच्या थंडीवर जाऊ नकोस. सूर्य बुडाला की वाळू झपाट्यानं गार पडते. स्वेटर, कानटोपी घेच, आणि कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेव.